पांढऱ्या निशाणाची कुळकथा

ज्या पांढऱ्या निशाणापायी फ्रान्सच्या राजवाद्यांनी हातातोंडाशी आलेले सिंहासन घालवले, ते राजघराण्यात आले बंडखोरांच्या छावणीतून. सोळाव्या शतकातल्या धर्मयुद्धांत पांढरा पट्टा बांधत ते प्रोटेस्टंट. राजाच्या कॅथलिक फौजेचा पट्टा लाल. नावारचा हेन्री हा प्रोटेस्टंटांचा पुढारी. 1589 मध्ये तो चौथा हेन्री म्हणून राजा झाला आणि त्याचा पांढरा रंग राजाचा रंग ठरला. इव्रीच्या लढाईत त्याने शिरस्त्राणावर खोवलेला पांढरा तुरा तर दंतकथाच होऊन बसला. पुढे 1593 मध्ये, पॅरिस हाती यावे म्हणून, हाच हेन्री कॅथलिक झाला.

तरीही पांढरे निशाण अवघ्या देशाचे नव्हते. राजाच्या आरमारावर ते फडके, पण पायदळात पलटणीगणिक निशाण वेगळे. राजनिष्ठेची खूण म्हणून ते पुढे आले 1789 नंतर, क्रांतीच्या निळ्या-पांढऱ्या-लाल फितीला उत्तर म्हणून. 1793 मध्ये व्हाँदेचे शेतकरी राजासाठी आणि धर्मासाठी लढले ते टोपीला पांढरी फीत लावून. नेपोलियन गेल्यावर ते सरकारी निशाण झाले. 1830 च्या जुलै क्रांतीने ते उतरवले. दहावा चार्ल्स परदेशी गेला, धाकट्या पातीचा लुई-फिलिप तिरंगा स्वीकारून गादीवर बसला. राजवाद्यांत थोरली पाती आणि ऑर्लेआँ पाती असे दोन तट पडले ते तेव्हा.

थोरल्या पातीचा वारस म्हणजे चार्ल्सचा नातू, शाँबोरचा काउंट. हा जन्मण्याआधीच वडिलांचा खून झालेला, दहाव्या वर्षी देश सुटलेला. प्रशियाकडून हार खाल्लेल्या फ्रान्सने फेब्रुवारी 1871 मध्ये निवडलेल्या सभेत राजवाद्यांचे बहुमत आले. जुलैत काउंटने जाहीर केले, की चौथ्या हेन्रीचे निशाण मी सोडणार नाही. 1873 मध्ये ऑर्लेआँच्या वारसाने त्याचा हक्क मान्य केला, दोन्ही तट जुळले. मध्यस्थ साल्झबुर्गला जाऊन त्याला भेटले. पण 30 ऑक्टोबरला त्याचे पत्र छापून आले: निशाण तेच. बेत तिथेच मोडला.

याला नुसता हट्ट म्हणणे मला अन्यायाचे वाटते. क्रांतीने शिर उडवलेला सोळावा लुई हा त्याच्या आजोबांचा सख्खा भाऊ. तिरंगा घेणे म्हणजे ती क्रांती मान्य करणे, आणि राजा सभेने नेमायचा असतो हेही मान्य करणे. असा राजा त्याला व्हायचे नव्हते. पण ज्या हेन्रीचे नाव तो घेत होता, त्याने राज्यासाठी धर्म बदलला होता. याला कापड बदलवले नाही, याची मात्र हळहळ वाटते.

जानेवारी 1875 मध्ये 353 विरुद्ध 352, अशा एका मताने प्रजासत्ताक कायद्यात आले. काउंट 1883 मध्ये ऑस्ट्रियात निपुत्रिक वारला. त्याचे बहुतेक अनुयायी ऑर्लेआँच्या वारसाकडे गेले, काही स्पेनच्या बोर्बोनांकडे. नसलेल्या त्या गादीवर आजही या दोन्ही घराण्यांचे दावे आहेत.