ओठावरील हर्पीज : संसर्गाचे भय

हर्पीज सिम्प्लेक्स विषाणू–१ मुळे ओठाच्या कडेला उठणाऱ्या पाणीदार पुळ्या साध्या सहवासातून आपल्याला होतील, अशी मनात घर करून बसणारी भीती. कुणाच्या पेल्याने पाणी प्यायले किंवा हात मिळवला, तरी ती उफाळते.

प्रसार : जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या अंदाजानुसार ५० वर्षांखालील सुमारे ३८० कोटी लोकांना, म्हणजे ६४ टक्क्यांना, या विषाणूचा संसर्ग झालेला आहे. बहुतेकांना तो बालपणीच होतो आणि अनेकांना त्याचा पत्ताही लागत नाही. विषाणू चेहऱ्याच्या संवेदना वाहणाऱ्या त्रिशाखी चेतातंतूच्या गुच्छिकेत आयुष्यभर सुप्त राहतो. ताप, कडक ऊन किंवा मानसिक ताण यांमुळे पुन्हा जागा होतो. पुळी, लाळ किंवा तोंडाभोवतीची त्वचा यांच्या थेट स्पर्शाने, विशेषतः चुंबनाने, तो पसरतो. पुळी नसतानाही प्रसार होऊ शकतो. पुळी ओली असताना धोका सर्वाधिक असतो. विषाणूचे बाह्य आवरण मेदयुक्त असल्याने साबणाने तो निष्क्रिय होतो. हस्तांदोलन, बसमधला दांडा किंवा एकत्र जेवण ही संसर्गाची नेहमीची वाट नव्हे. हर्पीज म्हटले की आठवणारी नागीण मात्र वेगळ्या विषाणूचा आजार आहे.

भयाचे स्वरूप : माणूस वारंवार आरशात ओठ न्याहाळतो, साध्या भेगेलाही पुळी समजतो, तीच शंका डॉक्टरांना पुन्हापुन्हा विचारतो. उत्तराने मिळालेला दिलासा टिकत नाही आणि तपासण्याची सवय मात्र घट्ट होते. रक्तातील प्रतिपिंडांची चाचणीही संसर्ग कधी आणि कुणाकडून झाला, हे सांगू शकत नाही. हळूहळू पंगत टळते, आप्तांची गळाभेट टळते. हे नुकसान पुळीपेक्षा मोठे असते.

उपचार : भीतीने रोजचे जगणे अडत असेल, तर मानसोपचार तज्ज्ञाची मदत घ्यावी. बोधात्मक वर्तन उपचारात तपासणे टप्प्याटप्प्याने कमी करतात आणि टाळलेल्या प्रसंगांना पुन्हा सामोरे जाण्याचा सराव देतात. गरजेप्रमाणे औषधेही दिली जातात.

आवश्यक खबरदारी : पुळी असताना तान्ह्या बाळाचा पापा घेऊ नये, नवजात अर्भकाला हा संसर्ग जीवघेणा ठरू शकतो. पुळीला लागलेला हात धुतल्याशिवाय डोळ्याला लावू नये. त्या काळात पेला, टॉवेल वेगळा ठेवावा. प्रतिकारशक्ती क्षीण असलेल्यांनी डॉक्टरांचा सल्ला लवकर घ्यावा. एवढी काळजी घेतल्यावर माणसांपासून दूर राहण्याचे वैद्यकीय कारण उरत नाही.