कागदावर न उतरलेली शिक्षा

कागद असला की तोंडी सांगणे मागे पडते, हे आम्हां वकिलांच्या अंगवळणी पडलेले आहे. परंतु जी शिक्षा लेखी दिलीच नाही, तिचा पुरावा कोठे शोधावा?

अमेरिकेतील कम्युनिस्टविरोधी चौकशांच्या काळाविषयी हा प्रश्न आम्हांस पडतो. न्यूयॉर्क राज्याने शिक्षकांच्या निष्ठेची छाननी करण्यासाठी १९४९ साली फाइनबर्ग कायदा केला. सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली तो उचलून धरला आणि १९६७ साली घटनाबाह्य ठरविला. तेथे निदान निकालपत्रे तरी उरली. नटांचे व गायकांचे तसे नव्हे. १९५० साली ‘रेड चॅनल्स’ या खासगी पुस्तिकेत १५१ नावे छापली गेली, आणि त्यांतील अनेकांना कामाची बोलावणी येईनाशी झाली. आपण ज्याला वाळीत टाकणे म्हणतो, तेच हे. हुकूम नाही, म्हणून अपीलही नाही.

अशा पीडितांच्या आठवणी त्यांच्याच तोंडून ऐकून ग्रिफिन फॅरिएलो यांनी १९९५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केल्या. वृद्धांची स्मृती चुकते, हे आम्हांस मान्य आहे. ती पारखूनच घ्यावी. परंतु जो अन्याय मुक्याने केला गेला, त्याची नोंद बोलण्यानेच होणार. ते बोलणे वेळीच टिपून ठेवणे, हे इतिहासाचे कर्तव्यच होय.