धोट्याला तोंड कुणी लावायचं?

गिरणीचा इतिहास आपल्याला संपांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. सभा, मोर्चे, गोळीबार, पुढारी. पण गिरणीत कापड निघत होतं. ते चांगलं निघालं तर मालकाची अक्कल आणि वाईट निघालं तर मजूर अडाणी, हा हिशोब शंभर वर्षं चालला. या हिशोबात एक प्रश्न कुणी घातलाच नाही. मजुराला काम शिकवलं कुणी?

मुंबईत कावसजी दावर यांची पहिली गिरणी १८५४ साली स्थापन झाली. यंत्रं विलायतेची, यंत्रं चालवून दाखवणारे मास्तरही बहुतेक तिकडचेच. माणूस तेवढा कोकणातला, देशावरचा. १८८७ साली व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट निघाली, तिथं वरचे साहेब तयार होऊ लागले. खालच्यासाठी शाळा नव्हती. खालच्यासाठी जॉबर होता. जॉबर गावचा, नात्याचा, जातीचा माणूस आणायचा, दस्तुरी खायचा, आणि एखाद्या जुन्या विणकराच्या बाजूला त्याला उभा करायचा. बघ आणि शिक. म्हणजे कसब हे गोतातल्या गोतात फिरणार. ज्याचा गोतावळा विणाई खात्यात नाही, त्याला माग लांबूनसुद्धा दिसायचा नाही.

आता कापडाचं बघा. मागावर ताण्याचा एक धागा तुटला आणि विणकराच्या लक्षात आला नाही, की कापडात लांबच लांब चीर पडते. थांबलेला माग चुकीच्या जागी सुरू केला की आडवा पट्टा उठतो. गाठ जाड मारली तर ती फणीत अडकते आणि शेजारचे धागे घेऊन तुटते. रिंग खात्यात सूत सांधणाऱ्या बाईनं घाईत सांधा जाड केला, तर तो तिच्यापाशी दिसत नाही. दोन खाती ओलांडून मागावर तुटतो. ही सगळी बोटांची आणि डोळ्यांची विद्या आहे. ती शिकवावी लागते. आईच्या पोटातून कुणी घेऊन येत नाही, मग ती आई कुठल्याही जातीची असो.

शिकवायचं नाही, पण शिक्षा मात्र द्यायची. खराब निघालेलं कापड विणकराच्याच गळ्यात मारून त्याची किंमत पगारातून कापायची चाल मुंबईत होती. १९३६ च्या वेतन कायद्यानं दंडाला काही लगाम बसला. त्याआधी १९२० नंतरच्या वर्षांत जपानी कापडानं बाजार भरला, तेव्हा मालक ओरडले की आमचा मजूर नालायक. जपानी गिरणीत नव्या पोरीला आधी शिकवून मग यंत्रावर उभं करत, हे बोलायचं राहून गेलं. (जपानी मालक संत नव्हता. त्या पोरी वसतिगृहात कोंडलेल्या असत.)

आणि आपला माणूस कुठं होता? रिंग खात्यात. साफसफाईत. विणाई खात्यात नाही. तिथं पगार जास्त. कारण काय सांगत? धोट्यातली कांडी संपली की नवी घालायची, आणि दोऱ्याचं टोक धोट्याच्या भोकातून बाहेर काढायला बाहेरून तोंड लावून श्वास ओढायचा. लँकेशायरमध्ये याला धोट्याचा मुका म्हणत. एकच धोटा अनेकांच्या तोंडी जायचा. अस्पृश्यानं तोंड लावलं तर सवर्ण विणकर बाटणार. अहमदाबादेत तीच रड. तिथं तर वणकर, म्हणजे नावातच विणणारे, सूतखात्यात अडकवलेले.

आमचा आजा रिंगमध्ये होता. तो म्हणायचा, आम्ही सांधलेलं सूत त्यांच्या मागावर चालतं, आमचं तोंड चालत नाही.

यातली गंमत ऐका. नागपूर-विदर्भाकडं महारांचा हातमागावर जाडंभरडं कापड विणायचा धंदा जुना आहे. रसेल आणि हिरालाल यांच्या १९१६ सालच्या ग्रंथात त्याची नोंद आहे. ताणा-बाणा ज्याच्या घरात, त्यालाच मागापासून लांब ठेवलं. मग ज्याला जॉबरनं आणला त्याला माग दिला आणि कापड बिघडलं म्हणून दंड केला. चांगलं कापड पाहिजे होतं की जात पाहिजे होती? माझ्या मते मालकाला दोन्ही फुकटात पाहिजे होतं.

बरं, तोंड लावणं ही काही निसर्गाची अट नव्हती. हातानं ओवायचे धोटे होते. आपोआप कांडी बदलणारा नॉर्थरॉप माग अमेरिकेत १८९४ पासून विकला जात होता. तोंडातून रोग पसरतो म्हणून मॅसॅच्युसेट्स राज्यानं १९११ साली ओढायच्या धोट्यावर कायद्यानं बंदी घातली. मुंबईला धोटा बदलण्यापेक्षा माणूस बाहेर ठेवणं स्वस्त पडलं.

१९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला. सगळ्या खात्यांत काम करायचा हक्क मान्य करा, नाहीतर आमच्या माणसांना संपात राहू नका असं सांगतो. लाल बावट्यावाल्यांनी नाखुशीनं ती मागणी यादीत घेतली. मालकांचं उत्तर असं, की हा अन्याय असेल तर त्याला आम्ही जबाबदार नाही. दोघांची बोटं एकमेकांकडं, आणि आपला माणूस रिंगमध्येच. १९३८ साली मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढं बोलताना त्यांनी विणाई खात्याचं हेच उदाहरण पुन्हा काढलं.

ते मजूरमंत्री असताना १९४२ च्या ऑक्टोबरात व्हाइसरॉयला दिलेलं निवेदन वाचा. त्यात नोकऱ्यांबरोबर तंत्रशिक्षणाची मागणी आहे. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने इथं आपल्या पोरांना उमेदवार म्हणून घ्या, अशी. नुसती भरती नको, हातात कसब पाहिजे, हे त्यांना पक्कं कळलं होतं. उमेदवारीचा कायदा १९६१ साली आला. त्यात आपल्यासाठी राखीव जागा यायला १९७३ ची दुरुस्ती लागली. पहिल्या गिरणीपासून मोजा, एकशे एकोणीस वर्षं.

तुमच्या गावाजवळच्या कारखान्यात उमेदवार म्हणून कोण घेतात, कुणाच्या हाताखाली देतात, आणि यंत्रावर उभं करतात की झाडू देतात, याची यादी काढा. नावं नकोत, आकडे पाठवा. पुढच्या अंकात दोन पानं राखून ठेवली आहेत.