लाजरच्या चित्रातला सूर्य

मंडळी, आज आपण एकच चित्र नीट पाहू या. व्हिन्सेंट व्हॅन गॉगचं ‘लाजरचं पुनरुज्जीवन’. मे १८९०. फ्रान्समधल्या सँ-रेमीच्या मनोरुग्णालयातले त्याचे शेवटचे दिवस. धाकटा भाऊ थिओ याने पाठवलेली रेम्ब्रांटच्या एचिंगची प्रतिकृती समोर होती.

योहानाच्या शुभवर्तमानातली, अकराव्या अध्यायातली ही गोष्ट. लाजर मरून चार दिवस झालेत. येशू थडग्यापाशी येतो, हाक मारतो, आणि मेलेला माणूस उठतो. रेम्ब्रांटच्या १६३२च्या सुमाराच्या एचिंगमध्ये हात उंचावलेला पाठमोरा येशू सगळ्यांवर छाया धरून उभा आहे. व्हॅन गॉगने लाजर घेतला, शेजारच्या दोन स्त्रिया घेतल्या, आणि येशूच वगळला! मागे आहे तो पिवळाजर्द उगवता सूर्य.

मग याची श्रद्धा उडाली होती म्हणायची का? इतकं सोपं नाही ते. हा धर्मोपदेशकाचा मुलगा. बेल्जियमच्या बोरिनाज भागात खाणकामगारांमध्ये स्वतः प्रचारक म्हणून राहिला. १८७९मध्ये ते काम सुटलं. पुढे १८८८मध्ये आर्लला त्याने गेथशेमाने बागेतल्या येशूचं चित्र दोनदा काढलं आणि दोनदा खरवडून टाकलं. समोर मॉडेल नसताना असली माणसं रंगवायची नाहीत, असं त्याचं म्हणणं. बर्नार आणि गोगँ यांनी कल्पनेने बायबलची चित्रं काढली, तेही त्याला रुचलं नाही. लाजरजवळच्या स्त्रियांसाठी मात्र आर्लच्या ओळखीच्या बायका, मादाम जिनू आणि मादाम रूलँ, त्याच्या मनात होत्या.

तेव्हा प्रश्न असा उरतो: चमत्कार करणारा दिसत नसेल, तर चमत्कार उरतो का? आपल्याला वाटतं, उरतो. फक्त त्याची जागा बदलते. रेम्ब्रांटमध्ये आपण सामर्थ्य पाहतो. इथे पाहतो ते अजून धड शुद्धीवर न आलेलं शरीर, आणि तोंडावरचं फडकं काढून थक्क झालेली बाई. लाजरची दाढीही तांबूस आहे, चित्रकाराच्या दाढीसारखीच.

१६ मे रोजी त्याने सँ-रेमी सोडलं. २९ जुलैला तो गेला. म्हणून या चित्रात मृत्यूची चाहूल शोधायचा मोह होतो. तो आपण टाळू या. चित्र काढणाऱ्याला जुलै ठाऊक नव्हता. त्याने रंगवली ती सकाळ.