तोतयांचे नवे बंड

इतिहास वाचताना एक गोष्ट पुन:पुन्हा ध्यानात येते. शस्त्रे बदलतात, नाणी बदलतात, राज्येही बदलतात. पण माणसाला फसविण्याची युक्ती सहसा बदलत नाही. सावित्रीच्या काठी, महाडनजीक, गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी ओळखले जाणारे सव हे माझे गाव. आमच्याकडे घरटी एखादा तरी चाकरमानी मुंबईस असतो आणि मागे राहिलेल्या म्हाताऱ्यांच्या हाती आता मोबाइल आला आहे. त्यावरून साहेबी आवाजात धाक घालून पैसे उकळणाऱ्या ठकांच्या हकिकती कानी आल्या, की मला याच कोकणातली अडीचशे वर्षांपूर्वीची एक हकिकत आठवते.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले. परंतु ते खरोखर पडले की कोठे निसटून गेले, ही शंका लोकांच्या मनातून जाईना. त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर अखेरपर्यंत वैधव्य मानले नाही. अशा वेळी ‘मीच तो भाऊ’ म्हणत एक इसम पुढे आला. पेशवे सरकारने त्याला तोतया ठरवून कैदेत टाकले. फिरत फिरत तो रत्नागिरीच्या किल्ल्यावर आला आणि तेथे रामचंद्र नाईक परांजपे या अधिकाऱ्यानेच त्याचा पक्ष घेऊन त्याला मोकळे केले. १७७६ साली कोकणातले अनेक किल्ले बघता बघता या तोतयाच्या हाती गेले. पुढे पुण्याहून फौज आली, तोतया पळाला, आंग्र्यांच्या हाती सापडला, आणि त्याच वर्षी पुण्यात चौकशी होऊन त्याला देहान्त शासन झाले. न. चिं. केळकरांनी यावर ‘तोतयाचे बंड’ हे नाटक लिहिले, ते जुन्या वाचकांना ठाऊक असेलच.

त्या तोतयाला मानणारे सारेच मूर्ख होते काय? मला तसे वाटत नाही. कोणाला भाऊ परत यावेत अशी मनापासून आस होती. कोणाला भीती होती, की हे खरेच भाऊ असले आणि आपण दार लावून घेतले, तर उद्या आपली धडगत काय? हे ‘खरेच असले तर?’ हेच तोतयाचे खरे भांडवल.

आता अलीकडची गोष्ट. ऑक्टोबर २०१६ मध्ये ठाणे पोलिसांनी मीरा रोड येथील काही कॉल सेंटरांवर रात्री छापे घातले. शेकडो तरुण मुलेमुली तेथे कामाला होती. इंग्रजी नावे धारण करून, पुढ्यातल्या कागदावरचे संवाद वाचत ती अमेरिकेत फोन लावीत. ‘मी आयकर खात्याचा अधिकारी. तुमचा कर थकला आहे. आता भरला नाहीत, तर पोलीस दाराशी येतील.’ घाबरलेल्या माणसाला फोन खाली ठेवू द्यायचा नाही, घरच्यांशी बोलू द्यायचे नाही, तसेच दुकानात पाठवायचे, आणि तेथे गिफ्ट कार्ड विकत घ्यायला लावून त्यावरचा आकडा वाचून घ्यायचा, असा तो बेत. गिफ्ट कार्डांच्या मार्गाने ठकांनी अमेरिकेत २०२३ या एका वर्षात वीस कोटी डॉलरांहून अधिक रक्कम लुबाडल्याची नोंद तेथील सरकारी आयोगाकडे आहे.

गिफ्ट कार्ड म्हणजे भेट देण्याचा पत्ता. वाढदिवसाला भाच्याला द्यावा, त्याने त्या किमतीची वस्तू घ्यावी. मग ठकाला त्याचीच गोडी का? याचे उत्तर आपल्या जुन्या पेढ्यांच्या व्यवहारात सापडते. पूर्वी पैसा हुंडीने जाई, आणि हुंड्यांत ‘शहाजोग’ नावाचा एक प्रकार असे. तिचे पैसे वाटेल त्याला मिळत नसत. बाजारात पत असलेल्या, ओळखीच्या शहामार्फतच ती वटे. हुंडी चोरीस गेली, तरी पैसे कोणी नेले याचा माग राहावा, ही त्यातली मेख. आपल्या मनीऑर्डरीवरही घेणाऱ्याची सही असतेच. गिफ्ट कार्ड याच्या नेमके उलट. त्याला नाव नाही, सही नाही. आकडा ज्याला कळला, पैसा त्याचा. (‘शहाजोग’ शब्दाचा अर्थ फिरून आज तो साळसूदपणाचे सोंग घेणाऱ्याला लावतात, हाही काळाचा महिमा!)

म्हणून ओळखण्याची खूण अगदी सोपी आहे. सरकारला कर हवा असेल तर सरकार पावती देते; ते भेटीची कार्डे मागत नाही. बँक मागत नाही, वीज कंपनी मागत नाही, कोर्टही मागत नाही. ज्याने कर, दंड वा जामीन गिफ्ट कार्डाने मागितला, तो तोतया. पुढे चौकशीची गरजच नाही.

आपल्याकडे याची भावंडेही निघाली आहेत. कचेरीतल्या साहेबाचा फोटो लावून ‘मी मीटिंगमध्ये आहे, ताबडतोब चार गिफ्ट कार्डे घेऊन आकडे पाठव’ असा निरोप येतो. २०२४ साली ‘डिजिटल अरेस्ट’चा बराच बोभाटा झाला, खुद्द पंतप्रधानांनी त्या ऑक्टोबरात आकाशवाणीवरून सांगितले, की अशी अटक कायद्यात नाहीच.

तोतयावर उपाय तेव्हा होता तोच आजही आहे: ओळख पटवणे. पण ती त्याच्या तोंडून नव्हे. फोन सरळ बंद करावा. साहेबाचा, बँकेचा वा भाच्याचा जो नंबर आपल्यापाशी आधीपासून आहे, त्यावर आपण होऊन फोन लावावा. ‘कोणाला सांगू नका’ असे कोणी म्हटले, की पहिल्याने शेजाऱ्याला सांगावे. आकडा देऊन बसलाच असाल, तर कार्ड व पावती जपून ठेवावी, कार्ड काढणाऱ्या कंपनीला तत्काळ कळवावे, आणि १९३० या सरकारी क्रमांकावर तक्रार नोंदवावी. जितकी घाई, तितकी पैसे अडविले जाण्याची आशा अधिक.

फसलेल्याला मात्र घरच्यांनी टोचून बोलू नये. लाजेने गप्प बसलेला माणूस हाच तोतयाचा मोठा आधार. १७७६ साली किल्लेच्या किल्ले ज्या भुलीत गेले, तिथे एकट्या म्हातारीचे काय घेऊन बसलात? या दिवाळीत मुलेबाळे घरी असतील, फराळाची ताटे पुढे असतील, तेव्हा एवढी गोष्ट आजीआजोबांना जरूर सांगा, आणि त्यांच्या फोनमध्ये तो १९३० आकडा भरून द्या.