मोरीला बोळा, दरवाजा मोकळा : बाइकच्या बॉक्सवरच्या कुलपाची गोष्ट

[भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातले शब्द तसेच ठेवले आहेत.]

गाडी चालवत ऐकत असाल तर आधी बाजूला घ्या, मग ऐका.

आजचा विषय बोटाच्या पेराएवढा आहे. बाइकच्या मागचा टॉप बॉक्स किंवा दोन्ही बाजूंचे साइड बॉक्स, त्यांच्यावरचं ते छोटं कुलूप. लडाखला निघालेल्यांच्या गाडीवर ते असतं, औषध कंपनीच्या एमआरच्या गाडीवर असतं, पार्सल पोहोचवणाऱ्या पोराच्या गाडीवरही असतं. आणि त्या पोराचं बघा. बॉक्समधला माल त्याचा नसतो, पण गेला तर पहिला प्रश्न त्यालाच विचारतात. म्हणून हे कुलूप नेमकं काय राखतं आणि काय राखत नाही, हे कळायला हवं.

खुर्जीला कुलूप नव्हतं

घोड्यावर, बैलावर सामान न्यायला आपल्याकडे खुर्जी असायची. मधे जोड, दोन्ही बाजूंना दोन पिशव्या. पाठीवर टाकली की वजन दोन्हीकडे सारखं. मोटारसायकल आली तेव्हा तीच कल्पना चामड्याच्या पिशव्या होऊन तिच्यावर चढली. बंद करायला काय, तर पट्टा आणि बक्कल. कुलूप नाही. कारण सोपं आहे. चामडं सुरीनं कापता येतं, मग बक्कलाला कुलूप लावून उपयोग काय? सामानाची राखण मालकाची नजर करायची.

म्हणजे कुलूप यायच्या आधी कडक पेटी यायला हवी होती. आणि कुलूपही पेटीवर मावेल एवढं लहान व्हायला हवं होतं. यातली दुसरी गोष्ट आधी घडली. त्यासाठी आपण जरा लंडनला जाऊ.

१८५१ : कुलपांचा माज उतरला

१७८४ साली जोसेफ ब्रामा नावाच्या इंग्रज कारागिरानं एका कुलपाचं पेटंट घेतलं. पुढे पिकॅडिली भागातल्या त्याच्या दुकानाच्या काचेत एक कुलूप मांडलेलं असायचं आणि सोबत पाटी : जो हे उघडेल त्याला २०० गिनी बक्षीस. कित्येक दशकं ते कुणालाच उघडलं नाही. दुसरीकडे जेरेमाया चब यानं १८१८ मध्ये ‘डिटेक्टर’ कुलूप काढलं. त्यात कुणी चुकीचं काहीतरी घुसवलं की ते अडकून बसायचं, आणि मालकाला समजायचं की इथे कुणीतरी हात घातला होता.

आता ऐका पुढे काय झालं. १८५१ मध्ये लंडनला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. तिथे अमेरिकेतून ए. सी. हॉब्ज नावाचा कुलूपवाला आला. त्यानं चबचं कुलूप लोकांसमोर २५ मिनिटांत उघडलं. मग ब्रामाच्या मागे लागला. १६ दिवसांत मिळून ५१ तास काम केलं आणि तेही उघडलं. सगळ्या इंग्लंडमध्ये गदारोळ उडाला. लोक म्हणाले, असं उघड उघड दाखवलं तर चोर शिकतील की! हॉब्जचं म्हणणं साधारण असं होतं : चोरांना हे आधीच माहीत आहे, माहीत नाही ते फक्त तुम्हाला.

त्या ५१ तासांतून एक धडा मिळाला, आणि तो आपल्याला शेवटपर्यंत लागणार आहे. न उघडणारं कुलूप असं काही नसतं. कुलूप वेळ विकत देतं. २५ मिनिटं द्यायची की ५१ तास, एवढाच फरक.

किल्ली खिशात मावली

जुन्या किल्ल्या आठवा, वाड्याच्या दाराच्या. हातभर नाही, पण वीतभर तरी असायच्याच. अमेरिकेत लायनस येल ज्युनिअर यानं १८६१ आणि १८६५ च्या पेटंटांमधून चपटी, दातेरी, खिशात मावणारी किल्ली रुळवली. आत छोट्या पिना आणि स्प्रिंगा. मूळ कल्पना प्राचीन इजिप्तमधल्या लाकडी कुलपांची, पण येलनं ती धातूत आणि छोट्या आकारात आणली.

पाठोपाठ १८६८ मध्ये फिलो फेल्टर यानं आणखी सोप्या कुलपाचं पेटंट घेतलं. पिनांऐवजी पातळ पत्र्या. आज याला वेफर लॉक म्हणतात, आणि तुमच्या बाइक बॉक्समध्ये बहुतेक वेळा हेच असतं. ऑफिसच्या ड्रॉवरलाही हेच.

आत काय चालतं? मधे एक फिरणारी नळी. तिच्यात ओळीनं चार-पाच पितळी पत्र्या, प्रत्येकीला चौकोनी खिडकी. किल्ली नसते तेव्हा स्प्रिंग पत्र्यांना बाहेर ढकलते, त्या कडेच्या खाचेत अडकतात आणि नळी फिरत नाही. बरोबर किल्ली गेली की सगळ्या पत्र्या नळीच्या पातळीत येतात. नळी फिरते, तिच्या मागची पट्टी फिरते, हूक सुटतो. झालं.

हे कुलूप स्वस्त, लहान, आणि थोडी धूळ गेली तरी चालणारं. पण पत्र्यांना आत बरीच ढिलाई असते. म्हणून झिजलेली किल्लीही चालते, आणि कधी कधी दुसऱ्याचीही. म्हणजे तासांची गोष्ट मिनिटांवर आली.

आपल्याकडे काय होतं? १८९७ मध्ये अर्देशर गोदरेज यांनी मुंबईत लालबागला कुलपं बनवायला सुरुवात केली. पण ती दारांची, पुढे तिजोऱ्यांची. गाडीवरच्या सामानाच्या कुलपाची गाठ बहुतेक मराठी घरांना पडली ती स्कूटरमुळे. बजाज चेतक १९७२ मध्ये आली आणि ‘डिकी’ हा शब्द घरातला झाला. ‘डिकीला चावी लावलीस का?’ हे वाक्य ज्यांनी ऐकलं नाही त्यांनी हात वर करा!

एका किल्लीची दोन कामं

युरोपात दुसऱ्या महायुद्धानंतर लोक मोटारसायकलवर लांब फिरू लागले. ब्रिटनमध्ये केन क्रेव्हन यानं, आणि १९७० च्या दशकात जर्मनीत मायकेल क्राउझर यानं कडक पेट्या केल्या. मग १९७८ मध्ये इटलीत ब्रेशाजवळ शर्यतपटू जुझेप्पे विझेंझी यानं गिव्ही ही कंपनी काढली. नावाची आणि आडनावाची पहिली अक्षरं जोडून ‘गिव्ही’. त्यांच्या ‘मोनोकी’ पद्धतीत एकाच किल्लीनं झाकणही उघडतं आणि अख्खी पेटी गाडीवरून सुटतेही. हॉटेलवर पोहोचलात, किल्ली फिरवली, पेटी सुटकेससारखी हातात.

सोय झकास! पण नीट बघा काय बदललं. आधी कुलूप फक्त झाकण राखत होतं. आता तेच पेटी आणि गाडी यांची जोडणीही राखायला लागलं. आणि ही जोडणी एका प्लेटवर, प्लेट कॅरिअरवर, कॅरिअर चार बोल्टवर. ते बोल्ट १० नंबरच्या पान्यानं सुटत असतील, तर चोर कुलपाला हात कशाला लावेल? यालाच आपल्याकडे म्हणतात, मोरीला बोळा, दरवाजा मोकळा.

मग बसवायचं कसं, दुरुस्त कसं करायचं?

बसवताना भोक पूर्ण गोल नको. दोन बाजू सपाट हव्यात, म्हणजे कुणी पकडीनं पिरगाळलं तर अख्खं कुलूप फिरणार नाही. मागचा नट किंवा घोड्याच्या नालेसारखी क्लिप घट्ट बसवा. पट्टीच्या स्क्रूला लॉकटाइटचा एक थेंब लावा, आपल्या रस्त्यांचे हादरे तो स्क्रू हमखास सैल करतात. आणि प्लेटचे बोल्ट असे निवडा की त्यांची डोकी बॉक्स लावल्यावर झाकली जातील. बॉक्स काढल्याशिवाय पाना पोहोचायलाच नको.

किल्ली फिरत नाहीये? जोर लावू नका. आधी झाकण तळहातानं खाली दाबा, मग फिरवा. बॉक्स ठासून भरला की सगळा ताण हुकावर येतो आणि तो अडकतो. कुलूप बिघडलेलंच नसतं! पावसाळ्यात चिखल जातो तेव्हा जाड तेल ओतू नका, त्यावर धूळ चिकटून लुकण होतं. ग्रॅफाइटची पूड चालते. भोकावरचं रबरी टोपण जपा.

तीन बॉक्स, तीन किल्ल्या, नको झालंय? बऱ्याच वेफर कुलपांची नळी बाहेर काढता येते. मागची एक पत्री टोकदार काडीनं दाबली की ती सरकते. मात्र किल्ली आतच ठेवा, नाहीतर पत्र्या आणि स्प्रिंगा टपाटप उडतील. हवी ती किल्ली घालून ज्या पत्र्या बाहेर डोकावतात त्यांच्या जागा बदलून बघायच्या. पत्र्या घासून बसवायचा मोह टाळा. कुलूप चालेल, पण मग कुठल्याही किल्लीनं चालेल.

नाही जमलं तर रस्त्याच्या कडेला बसणारा चावीवाला आहेच. त्याच्याकडे पुष्कळदा संशयानं बघतात, ‘याला सगळी कुलपं उघडता येतात’ म्हणून. हॉब्जकडेही लंडननं तसंच बघितलं होतं. पण कुलूप कुठे कच्चं आहे हे तुम्हाला फुकटात सांगणारा तोच एक माणूस असतो. विचारा त्याला.

शेवटचं

खुर्जीच्या काळात नजर हेच कुलूप होतं. दीडशे-दोनशे वर्षांत कुलूप लहान झालं, स्वस्त झालं, आणि आपण नजर काढून घेतली. बाइकवरचं कुलूप सिग्नलला किंवा चहाच्या टपरीवर येताजाता हात घालणाऱ्याला थांबवतं. रात्रभर एकट्या उभ्या गाडीवर लॅपटॉप राखणं हे त्याचं काम नाही. आणि ज्या पोराला आपण दुसऱ्याच्या मालाची जबाबदारी देतो, त्याला निदान बॉक्स नीट बोल्ट केलेला तरी द्यायला हवा. माल गेल्यावर ‘कुलूप लावलं होतंस का’ असं विचारण्याआधी हे बोल्ट कोणी आणि कसे बसवले होते, हे विचारा.

आज खाली उतरलात की कुलपाकडे नाही, बॉक्सच्या खाली बघा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या, हेल्मेट घाला!