गेंड्याच्या गळ्यातून कप्तानाच्या छातीत

पॅराथायरॉइड ग्रंथीची ही कुळकथा मी लंडनच्या प्राणिसंग्रहालयातल्या एका भारतीय गेंड्यापासूनच सुरू करणार. 1849 मध्ये तो मेला. शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेन यांनी त्याची चिरफाड केली, तेव्हा थायरॉइडमधून शिरा बाहेर पडतात तिथे त्यांना एक लहानशी पिवळसर ग्रंथी दिसली. हीच पॅराथायरॉइड! तिच्या शोधाचा मान बरेचजण उप्सालाच्या इवार सँडस्ट्रॉमला देतात. माणसातली ग्रंथी 1880 मध्ये त्याने दाखवली, नावही त्याचंच. मान्य. पण त्या अवाढव्य धुडातली एवढीशी गाठ नजरेआड न करणारे ओवेन त्याच्याआधीचे.

या ग्रंथीचं संप्रेरक रक्तातलं कॅल्शियम सांभाळतं. हे संप्रेरक बेसुमार वाढलं की हाडं पोखरतात, मूतखडे होतात. व्हिएन्नात मात्र उलटंच मानत: हाडं आजारी म्हणून ग्रंथी वाढते. त्यामुळे तिथला सर्जन फेलिक्स मांडल याने आधी एका ट्राम कंडक्टरच्या अंगात परकी ग्रंथी बसवली. उपयोग शून्य. मग 1925 मध्ये कंडक्टरच्या स्वतःच्या ग्रंथीची गाठ काढली, आणि तो सुधारला. वाद तिथेच मिटायला हवा होता.

अमेरिकन जहाजाचा कप्तान चार्ल्स मार्टेल याच दुखण्यापायी तब्बल सात इंचांनी खुजा झाला होता. 1926 मध्ये रक्तातल्या कॅल्शियमवरून निदान झालं. रोग सापडला, गाठ सापडेना. गळा पुन्हा पुन्हा उघडला, सहा शस्त्रक्रिया वाया गेल्या. तेव्हा मार्टेलने स्वतः शरीररचनेची पुस्तकं धुंडाळली आणि छाती उघडायचा आग्रह धरला. कुणी श्रेय बोस्टनच्या चर्चिल आणि कोप या सर्जनांना देतात. हात त्यांचे, पण दिशा कप्तानाची, असं मी ठामपणे म्हणतो. नकाशावरून वाट काढायची त्याची सवयच इथे कामी आली असणार.

पण गाठ छातीत कशी? गर्भात खालच्या पॅराथायरॉइड आणि थायमस ही दुसरी ग्रंथी एकाच कप्प्यातून उगवतात. थायमस छातीत उतरताना कधी ग्रंथीलाही सोबत ओढून नेते. 1932 च्या सातव्या शस्त्रक्रियेत छातीच्या मधल्या हाडामागे तीन सेंटिमीटरची गाठ मिळाली. सर्जनांनी रक्तवाहिनीसकट तिचा तुकडा मुद्दाम ठेवला, तरी कॅल्शियम कोसळून कप्तानाच्या स्नायूंना पेटके येऊ लागले. सहा आठवड्यांनी मूतखड्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो गेला.

आता सेस्टामिबी या किरणोत्सर्गी द्रव्याच्या स्कॅनमध्ये छातीतली अशी गाठ बहुधा आधीच दिसते, आणि पुष्कळदा दुर्बिणीने, छाती न फाडता काढता येते.